नागपूरच्या सभागृहाचे दर्शन

काशीस किंवा पंढरपुरास निघालेल्या मनुष्यास 'कशाला जातोस?' असे कोणी विचारीत नाही. परंतु गेल्या मार्गशीर्षात आम्ही नागपूरचे विधानभवन पाहावयास जाण्याचा बेत घरात बोलून दाखविला, तेव्हा ओसरीवर बसलेली सर्व मंडळी हसू लागली. आमचे थोरले बंधू म्हणाले, "अरे, तेथे पाहावयाचे काय? ती सगळी भांडणे दूरचित्रवाणीवर घरबसल्या दिसतात." वहिनींनी मात्र हसू आवरून काळजीच्या सुरात विचारले, "भावजी, तेथे तुमचे काही काम अडले आहे का?"

वहिनींचा हा प्रश्न आमच्या मनात राहून गेला. ज्याचे काही अडले आहे त्यानेच त्या वास्तूच्या दाराशी जावे, ज्याचे सुरळीत चालले आहे त्यास तिच्याशी कर्तव्य काय, अशी आपणा पांढरपेशा गृहस्थांची समजूत होऊन बसली आहे. आम्हीही तिच्यातून सुटलेले नव्हतो. पस्तीस वर्षे आम्ही मुलांस संस्कृताबरोबर नागरिकशास्त्रही शिकविले. विधानसभेचे सदस्य किती, विधानपरिषदेचे किती, विधेयकाचा कायदा कसा होतो, हे सारे फळ्यावर लिहून दिले. परंतु माजरीपासून सुमारे दीडशे किलोमीटरांवर असलेली ती वास्तू आतून एकदाही पाहिली नाही. बंधूंची नात यंदा दहावीत आहे. तिने हे ऐकले आणि म्हणाली, "आबा, मग मीही येते." तिच्या या बोलण्याने बेत पक्का झाला.

आमच्या घरात या वास्तूचे नाव अद्यापि 'कौन्सिल हॉल' असेच आहे. आमचे तीर्थरूप तरुणपणी, १९५५ साली, नागपुरास गेले असता प्रेक्षकांच्या सज्जात तासभर बसून आले होते. त्या वेळी नागपूर ही जुन्या मध्यप्रदेशाची राजधानी होती. पुढच्याच वर्षी ती गेली, पण तीर्थरूपांच्या बोलण्यातला कौन्सिल हॉल गेला नाही. 'राजधानी' हा शब्द ते एखाद्या दिवंगत आप्ताचे नाव घ्यावे तसा उच्चारीत असत.

पहाटे आम्ही माजरीच्या फलाटावर उभे राहिलो. सौभाग्यवतींनी दशम्या व शेंगदाण्याची चटणी बांधून दिली होती. हे स्थानक म्हणजे रेल्वेचा सांधा आहे. दिल्लीहून मद्रासेकडे जाणारा मोठा लोहमार्ग येथून जातो, आणि वणीवरून आदिलाबादेकडे जाणारा फाटाही येथेच फुटतो. चोहोंकडे कोळशाच्या खाणी. अंधारातही डब्याच्या दांडीला हात लावला की तो काळा होतो. गाडीत जागा मिळाल्यावर नातीने विचारले, "आबा, आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात राजधानी कधीच नव्हती का?"

आम्हांस हसू आले. ज्या भूमीवरून आमची गाडी चालली होती तिच्याइतक्या राजधान्या पाहिलेली भूमी विरळाच. माजरीच्या दक्षिणेस लागूनच भांदक. तेथील लेणी व भग्नावशेष पाहून ती प्राचीन काळची एखादी राजनगरी असावी असे काही विद्वानांनी अनुमान केले आहे. त्याच्याही दक्षिणेस वर्धा नदीच्या काठी बल्लारपूर. तेथे गोंड राजांची राजधानी होती. पुढे ती चांद्यास आली. चांद्याचा परकोट चांगला लांबलचक असून त्याचे जटपुरा, पठाणपुरा, अंचलेश्वर व बिनबा हे चार दरवाजे आजही उभे आहेत. जटपुरा दरवाजाखालून आता मोटारी जातात, आणि वर कोरलेल्या राजचिन्हाकडे मान वर करून पाहण्यास कोणास सवड नसते. अठराव्या शतकाच्या मध्यास चांदा नागपूरकर भोसल्यांकडे गेले, आणि १८१८ साली इंग्रजांनी तो किल्ला घेतला.

"आणि नागपूर?" नातीने विचारले. नागपूरही मूळचे गोंडांचेच. देवगडचा राजा बख्त बुलंद याने अठराव्या शतकाच्या आरंभी ते वसविले. पुढे भोसल्यांनी त्यास आपली राजधानी केले. तिसरे रघूजी १८५३ च्या अखेरीस निपुत्रिक वारले, आणि दुसऱ्याच वर्षी इंग्रजांनी राज्य खालसा केले. १८६१ साली 'मध्यप्रांत' निर्माण झाला, त्याचे मुख्य ठाणे नागपूर. १९०३ साली वऱ्हाड त्यास जोडला गेला. म्हणजे ज्यांनी ही दोन्ही नगरे वसविली त्यांचे वंशज व त्यांच्या रानातील प्रजा आज या नगरांत बहुधा अर्जदार म्हणूनच येतात. ही गोष्ट आम्ही नातीस सहज सांगितली; दिवस मावळण्यापूर्वी ती आमच्याच अंगावर येईल हे तेव्हा ध्यानात आले नव्हते.

नागपुरास उतरून आम्ही प्रथम 'झिरो माइल'चा स्तंभ पाहिला. भूमापनाच्या कामी इंग्रजांनी उभारलेला हा दगडी स्तंभ व त्याच्याजवळच्या चार घोड्यांच्या मूर्ती विधानभवनापासून फार दूर नाहीत. येथून पुढे मात्र शहराचे रूप पालटले. अधिवेशन चालू असल्याने रस्तोरस्ती लाकडी अडसर, पोलिसांच्या रांगा, आणि दूर कोठेतरी ध्वनिक्षेपकावरून चाललेल्या घोषणा. मोर्चे पुष्कळदा यशवंत स्टेडियमकडून निघतात व मॉरिस कॉलेजच्या टी-पॉइंटाजवळ अडविले जातात. आमच्या हाती प्रवेशपत्र होते. आमचा एक जुना विद्यार्थी एका सन्माननीय सदस्यांच्या कार्यालयात कारकून आहे. त्याने ते मिळवून दिले होते. त्या कागदाच्या चिटोऱ्याने एकेक अडसर बाजूस सरत गेला. दूरध्वनी यंत्रे दाराशी ठेवून घेतली, झडती झाली, आणि आम्ही उभयता आत गेलो.

या वास्तूचा पाया विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात घातला गेला. मध्यप्रांतास विधिमंडळ मिळाले ते १९१३ साली. त्याची पहिली बैठक १९१४ साली भरली. त्या काळी सरकार विचारी आणि सभासद सल्ला देत. सल्ला मानलाच पाहिजे असे बंधन नव्हते. पुढे १९१९ च्या सुधारणांनी काही खाती लोकनियुक्त मंत्र्यांकडे आली. १९२३ च्या निवडणुकीत स्वराज्य पक्षास या प्रांतात निर्विवाद बहुमत मिळाले, आणि दुसऱ्या वर्षी कौन्सिलाने मंत्र्यांचे वार्षिक वेतन अवघे दोन रुपये करून टाकले! अधिकार नसलेल्या पदाची किंमत किती, हे त्या दोन रुपयांनी साऱ्या हिंदुस्थानास सांगितले. आमच्या नातीस ही गोष्ट इतकी आवडली की सज्जाच्या पायऱ्या चढताना ती दोनदा मोठ्याने हसली व शिपायाने आमच्याकडे डोळे वटारून पाहिले.

१९३५ च्या कायद्याप्रमाणे मध्यप्रांत-वऱ्हाडासाठी ११२ सभासदांची विधानसभा झाली व १९३७ साली निवडणुका झाल्या. घनश्यामसिंह गुप्त सभापती झाले आणि अनसूयाबाई काळे उपसभापती. ज्या काळी पुष्कळ घरांतून स्त्रीने ओसरीवर येऊन चार शब्द बोलणे अनुचित समजले जाई, त्या काळी एक महाराष्ट्रीय स्त्री या सभागृहाच्या उपसभापतिपदावर निवडली गेली, हे आपल्या कन्यांस व सुनांस मुद्दाम सांगण्याजोगे आहे. डॉक्टर नारायण भास्कर खरे व त्यांच्यामागून पंडित रविशंकर शुक्ल यांची मंत्रिमंडळे येथेच झाली. विदर्भाचा स्वतंत्र प्रांत व्हावा असा ठरावही १९३८ साली याच सभेने केला होता.

स्वातंत्र्यानंतर या प्रांताचे मध्यप्रदेश राज्य झाले. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीनंतर २३२ सदस्य येथे बसू लागले. १९५३ च्या सप्टेंबरात महाराष्ट्रातील पुढाऱ्यांनी 'नागपूर करार' केला. सरकारने दर वर्षी काही काळ नागपुरास येऊन राहावे व विधिमंडळाचे निदान एक अधिवेशन येथे भरवावे, असे त्यात ठरले. १९५५ साली राज्यपुनर्रचना आयोगाने विदर्भाचे वेगळे राज्य सुचविले, पण ते झाले नाही. १९५६ च्या १ नोव्हेंबरास विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, मध्यप्रदेशाची राजधानी भोपाळास गेली, आणि नागपूर राजधानी राहिले नाही. १९६० साली महाराष्ट्र राज्य झाले व त्याच वर्षापासून येथे हिवाळी अधिवेशन भरू लागले. करोनाच्या साथीमुळे २०२० व २०२१ या दोन वर्षी ते येथे भरले नाही. एरवी वर्षातून काही दिवस ही वास्तू जागी होते व पुन्हा निजते.

आपल्या चांदा जिल्ह्याचाही येथे मान आहे. मारोतराव कन्नमवार हे चांद्याकडचे, गरिबीत वाढलेले गृहस्थ. जुन्या मध्यप्रदेशाच्या मंत्रिमंडळात ते होते, आणि १९६२ च्या नोव्हेंबरात ते महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले. वर्ष पुरे होऊन चारच दिवस लोटल्यावर, २४ नोव्हेंबर १९६३ रोजी अधिकारपदावर असतानाच ते वारले.

सज्जात बसल्यावर प्रथम मनात आले ते हे की, सभागृह आम्ही कल्पिले होते त्यापेक्षा लहान आहे. वास्तू बांधली गेली ती एका प्रांताच्या एकाच सभेसाठी. आता २८८ सदस्यांची विधानसभा व ७८ सदस्यांची विधानपरिषद अशी दोन सदने या आवारात बसवावी लागतात. समोर अध्यक्षांचे उंच आसन, त्यांच्या उजव्या हातास सरकार पक्ष, डाव्या हातास विरोधी पक्ष. तीर्थरूप कोणत्या बाजूस बसले असतील याचा आम्ही अंदाज बांधीत होतो, तोच प्रश्नोत्तरे सुरू झाली.

गलबला होता हे खरे. बंधूंचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते. पण त्या गलबल्यातच एका सदस्यांनी वनजमिनीच्या दाव्यांविषयी विचारले. गाव कोणते, दावे किती, निकाल किती, उरलेल्यांस विलंब का, असे त्यांनी एकामागून एक विचारले. मंत्रिमहोदय उठले व उत्तर देऊ लागले. उत्तर पुरेसे होते की नव्हते हे आम्हांस सांगता येणार नाही. परंतु दूर रानातील एका मनुष्याचे अडलेले काम या छपराखाली प्रश्न होऊन उभे राहिले आणि राज्याच्या एका मंत्र्यास त्यासाठी आपल्या आसनावरून उठावे लागले, एवढे आम्ही डोळ्यांनी पाहिले. पस्तीस वर्षे फळ्यावर लिहिलेल्या 'तारांकित प्रश्न' या दोन शब्दांचा अर्थ आम्हांस त्या क्षणी कळला.

'सभा' हा शब्द आपल्याकडे फार जुना आहे. तो ऋग्वेदकाळापासून चालत आला आहे. परंतु सभेची खरी परीक्षा कोणती, हे महाभारताने द्यूताच्या प्रसंगी दाखविले. त्या सभेत भीष्म होते, द्रोण होते, विदुर होते. विद्वत्तेची वाण नव्हती. द्रौपदीला ओढून आणले गेले आणि तिने एक प्रश्न केला. जो स्वतःस आधीच हरला आहे त्यास मला पणास लावण्याचा अधिकार होता काय, एवढाच तो प्रश्न. विकर्णाने तोंड उघडले, विदुराने बजावले. परंतु सभेने म्हणून उत्तर दिले नाही. धर्माची गती सूक्ष्म असल्याचे सांगून भीष्मांसारखा पुरुषही थांबला. पुढील सारा संहार त्या न दिलेल्या उत्तरातून निघाला असे आम्ही वर्गात शिकवीत असू. संगमरवर, सिंहासन, छत्रचामरे ही सभेची शोभा खरी. परंतु जो तिच्या दारी प्रश्न घेऊन आला त्यास उत्तर मिळते की नाही, यावरच तिची योग्यता ठरते.

हे आम्ही शिकवीत असू. आता आम्ही केले काय, ते सांगतो.

१९९४ सालची गोष्ट. दिवाळी नुकतीच झाली होती. गायगोधनाच्या दिवशी गुरे सजवून, डफाच्या तालावर नाचत आमच्या दारी येणारा गावचा एक गोवारी एके सायंकाळी ओसरीच्या पायरीशी येऊन बसला. गावची गुरे तो राखीत असे. त्याचा मुलगा आमच्या वर्गात होता. त्याचे म्हणणे असे की, आमची गणना आदिवासींत होत नाही, मुलास जातीचा दाखला मिळत नाही, पुढे शिक्षण कसे व्हावयाचे. तेव्हा गुरुजींनी सरकारास एक अर्ज लिहून द्यावा. आम्ही तेव्हा उत्तरपत्रिका तपाशीत होतो. मान वर न करताच आम्ही म्हणालो, "अरे, अशा अर्जांनी काय होते? तेथे कागदांचे ढीग पडलेले असतात. पुढे पाहू." तो क्षणभर बसला, 'बरं जी' म्हणाला आणि उठून गेला.

त्याच महिन्याच्या २३ तारखेस गोवारी समाजाचा मोर्चा नागपुरास अधिवेशनावर गेला. हजारो लोक आले होते. बायका होत्या, कडेवर मुले होती. निवेदन घेण्यास कोणी जबाबदार मनुष्य येईल म्हणून ते ताटकळत थांबले. सायंकाळी गडबड उडाली, चेंगराचेंगरी झाली आणि ११४ जीव गेले. त्यांत स्त्रिया व मुले पुष्कळ होती. आमच्या गावचा तो गोवारी, त्याची बायको व मुलगा तिघेही वाचले. बायकोचा हात मात्र मोडला होता. परत आल्यावर आम्ही त्याच्या खोपटात गेलो. तो रागावला नाही. एवढेच म्हणाला, "गुरुजी, इमारत त लय मोठी हाये जी, पण आम्हाले दारच नाही भेटलं."

पुढील जूनमध्ये त्याचा मुलगा शाळेत आला नाही. तो अर्ज आम्ही लिहिला असता तर नागपूरचा प्रसंग टळला असता, असे समजण्याइतके आम्ही भाबडे नाही. परंतु त्या मनुष्यास जे पहिले दार लागले ते विधानभवनाचे नव्हते. ते आमच्या ओसरीचे होते, आणि ते आम्ही लावून घेतले होते.

त्या समाजाच्या प्रश्नाचे पुढे काय झाले, हेही वाचकांनी जाणून घ्यावे. १९९५ साली शासनाने गोवारींस विशेष मागास प्रवर्गात घातले. २०१८ च्या ऑगस्टात उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ते अनुसूचित जमातीतच आहेत असा निर्णय दिला. २०२० च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने तो फिरविला. या निकालांत कायद्याची बाजू कोणती बरोबर, हे सांगण्याचा आमचा अधिकार नाही. पण प्रश्न विचारला गेला व तो न्यायासनापुढे तोलला गेला, हे घडण्यापूर्वी ११४ प्राण जावे लागले, ही गोष्ट कोणाही सहृदय मनुष्याच्या मनास लागल्यावाचून राहणार नाही.

येथे आणखी एक मोर्चा आठवतो. २०१० च्या डिसेंबरात आमच्या जिल्ह्यातील चिमुराहून हजारो स्त्रिया पायी चालत नागपूरच्या अधिवेशनावर गेल्या. त्यांची मागणी एकच, जिल्ह्यात दारू बंद करा. शेजारच्या वर्धा व गडचिरोली जिल्ह्यांत दारूबंदी होती. मध्ये आमचा जिल्हा मोकळा होता. त्या स्त्रियांस उत्तर मिळण्यास चार वर्षांहून अधिक काळ लागला. १ एप्रिल २०१५ पासून चंद्रपूर जिल्ह्यात दारूबंदी झाली. २०२१ साली ती उठविण्यात आली. बंदी इष्ट की अनिष्ट याविषयी सुज्ञांत मतभेद आहेत, आणि आमच्या ओसरीवरही ते आहेत. वहिनींचे मत बंदीच्या बाजूचे, बंधूंचे विरुद्ध. परंतु ज्या बायांनी घरदार सोडून शंभराहून अधिक किलोमीटर वाट तुडविली, त्यांनी सभा म्हणजे काय हे आम्हां शिक्षकांपेक्षा अधिक चांगले ओळखले होते, यात संशय नाही.

आणि दार मुळीच नसलेली सभाही आपल्याच रानात आहे. गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्यात मेंढा-लेखा नावाचे लहानसे गोंड गाव आहे. तेथील ग्रामसभेत गावातील स्त्रीपुरुष एकत्र बसतात व निर्णय बहुमताने नव्हे, तर सर्वांच्या संमतीने करतात. एकाचीही हरकत असेल तर विषय पुढे ढकलून पुन्हा बोलणे होते. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ साली ज्या गावांस सामूहिक वनहक्क सर्वांआधी मिळाले त्यांत हे गाव आहे. नागपूरची सभा मोठ्या राज्याची, तिला दार व द्वारपाल असणारच. परंतु दाराशी आलेल्याचे म्हणणे ऐकून घेईपर्यंत पुढे न सरकण्याची जी रीत त्या रानातील लोकांनी पाळली, तिचा अंश मोठ्या सभांस व आपल्या घरांस घेता येण्याजोगा आहे.

सायंकाळी बाहेर पडलो तेव्हा नातीने विचारले, "आबा, आता स्टेशनवर जायचे ना?" आम्ही म्हणालो, "थोडे थांबू." झिरो माइलच्या परिसरातच गोवारी हुतात्म्यांचे स्मारक आहे, सीताबर्डीच्या उड्डाणपुलासही त्यांचेच नाव दिलेले आहे. दर वर्षी २३ नोव्हेंबरास लोक तेथे येऊन फुले वाहतात. आम्ही गेलो तेव्हा तेथे कोणी नव्हते; रहदारी मात्र अखंड चालली होती. सकाळी आम्ही याच बाजूने गेलो होतो, स्तंभ पाहिला होता, घोडे पाहिले होते, आणि स्मारकाकडे पाहण्याचे टाळले होते. आता चपला काढून उभे राहिलो आणि नातीस ती सारी हकीकत सांगितली, उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यासकट.

तिने सारे ऐकून घेतले. मग विचारले, "आबा, नंतर तरी तुम्ही तो अर्ज लिहिला का?"

"नाही," आम्ही म्हणालो. "त्याने पुन्हा मागितला नाही, आणि आम्हीही विचारले नाही."

यावर ती काही बोलली नाही. परतीच्या गाडीत बराच वेळ ती खिडकीबाहेर पाहात होती. हिंगणघाट गेले, वरोरा आले; तेव्हा ती एकदम म्हणाली, "आबा, आता अर्ज संगणकावरून करता येतात. 'आपले सरकार' म्हणून संकेतस्थळ आहे. मला भरता येतात. मजकूर तुम्ही सांगा, मी भरीन."

त्या पौषापासून आमच्या ओसरीवर दर रविवारी सकाळी आम्ही दोघे बसतो. कोणास उत्पन्नाचा दाखला हवा असतो, कोणाचे निराधार वेतन थांबलेले असते, कोणाच्या शेताच्या नोंदीत चूक झालेली असते. आम्ही मजकूर सांगतो, नात तो भरते, वहिनी येणाऱ्यास चहा देतात, आणि "तेथे पाहावयाचे काय?" म्हणणारे आमचे बंधू आता कागद नीट लावून देतात. पहिल्या रविवारी आम्ही त्या गोवाऱ्याच्या मुलाकडे निरोप धाडला. तोही आता चाळिशी ओलांडलेला, खाणीवर कामास आहे. त्याचा बाप जाऊन काही वर्षे झाली. तो तिसऱ्या रविवारी आला, पायरीशी उभा राहिला. आम्ही त्यास वर ओसरीवर बसविले. त्याच्या मुलीच्या शिष्यवृत्तीचा कागद अडला होता. तो आम्ही लिहिला. त्याचे उत्तर अद्यापि आलेले नाही. पुढच्या रविवारी स्मरणपत्र लिहावयाचे आहे.

नागपुरास ज्यांचे जाणे होईल त्यांनी ही वास्तू अवश्य पाहावी, मुलाबाळांसह पाहावी, आणि तेथून निघून दोन पावलांवर असलेल्या स्मारकापाशीही क्षणभर थांबावे. ज्यांचे जाणे होणार नाही, त्यांनी आपापल्या ओसरीच्या पायरीशी कोणी येऊन बसले आहे काय, एवढे तरी मान वर करून पाहावे.